‘सर, फाईल डाउनलोड होत नाही!’ – दोष कुणाचा, उपाय काय?



‘सर, फाईल डाउनलोड होत नाही.’ हे वाक्य मार्च २०२० नंतर आपण किती वेळा ऐकलं, याचा हिशोबच नाही. शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर आले. पुढे शाळा उघडल्या, पण ऑनलाइन कोर्स काही परत गेले नाहीत. आज मुलांचे स्वाध्याय ऑनलाइन, नोट्स ऑनलाइन, आणि आपली स्वतःची प्रशिक्षणंसुद्धा ऑनलाइनच. त्यामुळे हे वाक्य आता मुलांपुरतं राहिलेलं नाही. स्टाफ रूममध्येही ते रोज ऐकू येतं.

आणि त्यावर आपलं ठरलेलं उत्तर काय? ‘नेट बघ तुझं’, ‘मोबाईल बंद करून चालू कर’, नाहीतर ‘कॅशे क्लियर मार’. या तीन उत्तरांत आपण विषय संपवतो. हे बरोबर नाही, असं मला वाटतं. का बरोबर नाही आणि त्याऐवजी काय करायला हवं, ते आज जरा सविस्तर मांडतो.

आधी एक अनुभव सांगतो.

आमच्या शाळेतल्या एका ज्येष्ठ बाईंनी गेल्या वर्षी एक ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण केलं. रोज रात्री स्वयंपाक आटोपला की व्हिडिओ बघायच्या, वहीत टिपणं काढायच्या. सगळ्या चाचण्या त्यांनी स्वतः दिल्या, कुणालाही काही विचारलं नाही. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र जमा करायचं होतं. बाईंनी ‘डाउनलोड’चं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. संध्याकाळी घाबरून त्या बाजारपेठेतल्या एका सेवा केंद्रात गेल्या. तिथल्या मुलाने मोबाईल नंबर मागितला, पासवर्ड मागितला, आलेला ओटीपी मागितला. बाईंनी सगळं दिलं. पाच मिनिटांत प्रिंट हातात आली. पन्नास रुपये गेले.

दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, ‘मला नाही जमत हो सर हे सगळं. पुढचं प्रशिक्षण मी मुलाकडूनच करून घेणार.’

मी त्यांचा मोबाईल हातात घेतला आणि ‘फाइल्स’ अ‍ॅपमधला डाउनलोडचा फोल्डर उघडला. आत प्रमाणपत्राच्या चौदा प्रती होत्या! प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर फाईल मुकाट्याने उतरत होती. बाई ती गॅलरीत शोधत होत्या.

बघा, नेट ठीक होतं, मोबाईल ठीक होता, बाईंचा अभ्यास तर उत्तमच होता. कमी होती ती एका माहितीची: उतरलेली फाईल जाते कुठे? तेवढ्या एका माहितीअभावी पासवर्ड परक्या माणसाच्या हातात गेला, आणि तीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंनी ‘मला जमत नाही’ असं ठरवून टाकलं. पन्नास रुपयांचं काही नाही हो. त्यांनी स्वतःबद्दल असं ठरवावं, याचं मला वाईट वाटलं.

एक वाक्य, पाच वेगळ्या तक्रारी

माझं पहिलं म्हणणं असं की ‘डाउनलोड होत नाही’ ही एक तक्रार नसून पाच तक्रारींचं गाठोडं आहे. पेशंट ‘पोटात दुखतंय’ म्हणाला तर डॉक्टर लगेच गोळी देत नाहीत. कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय, काय खाल्लं होतं, हे आधी विचारतात. आपणही मुलाला एवढंच विचारायचं, ‘नेमकं काय होतंय?’ उत्तर बहुतेक वेळा या पाचांपैकी एक असतं:

१. बटण दाबलं तरी काहीच होत नाही.
२. सुरू होतं, पण मध्येच अडकतं.
३. पूर्ण झालं म्हणतं, पण फाईल सापडत नाही.
४. फाईल सापडते, पण उघडत नाही.
५. उघडते, पण वाचता येत नाही.

एसटीने पाठवलेल्या पार्सलचं उदाहरण घ्या. पार्सल मिळालं नाही तर ते डेपोतून निघालंच नसेल, वाटेत अडकलं असेल, किंवा घरी येऊन शेजाऱ्यांकडे पडलं असेल. तिन्ही वेळा तक्रार एकच, पण शोधायची जागा वेगळी. आता एकेक पाहू.

१. बटण दाबलं तरी काहीच होत नाही

पहिला संशय पॉप-अपवर घ्या. बऱ्याच कोर्समध्ये फाईल किंवा प्रमाणपत्र नव्या खिडकीत उघडतं. जाहिरातींचा त्रास नको म्हणून ब्राउझर अशा नव्या खिडक्या आपोआप अडवतो. अडवल्याची एक बारीकशी सूचना दिसते, पण आपलं लक्ष बटणाकडे असतं. क्रोममध्ये उजवीकडच्या तीन टिंबांवर जाऊन सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग पॉप-अप असा रस्ता आहे. तिथे फक्त त्या कोर्सच्या साइटला परवानगी द्या. सगळ्या साइटना सरसकट देऊ नका.

कॉम्प्युटरवर आणखी एक गंमत होते. एका साइटवरून पाठोपाठ फायली उतरवायला लागलो की ब्राउझर विचारतो, ‘या साइटला एकापेक्षा जास्त फायली उतरवू द्यायच्या का?’ आपण घाईत नाही म्हणतो. ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि नंतर नुसता गप्प बसतो. ही परवानगीसुद्धा त्याच साइट सेटिंग्जमध्ये बदलता येते.

दुसरा संशय, आपण लिंक कुठून उघडली? काही अ‍ॅप लिंकवर बोट ठेवलं की आपल्याच पोटातल्या छोट्या ब्राउझरमध्ये पान उघडतात. तिथे लॉगिनही नसतं आणि फाईल उतरवायची सोयही कधी कधी नसते. अशा वेळी लिंक कॉपी करा, क्रोम किंवा फायरफॉक्स उघडा आणि तिथे पेस्ट करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, हा माझा वर्गातला अनुभव.

तिसरा संशय परवानगीचा. गूगल ड्राइव्हवरची फाईल ‘प्रवेशासाठी विनंती करा’ असं म्हणत असेल तर मुलाची काहीच चूक नाही. फाईल टाकणाऱ्याने ती सर्वांसाठी खुली केलेली नाही. किंवा मोबाईलमध्ये वडिलांचं आणि मुलाचं अशी दोन गूगल खाती आहेत आणि लिंक चुकीच्या खात्यातून उघडली आहे. काही कोर्समध्ये तर मागचा घटक पूर्ण केल्याशिवाय पुढची फाईल खुलतच नाही. तो बिघाड नाही, तशी रचनाच असते.

पडद्यावर काही आकडा दिसला तर तो लिहून घ्या. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर फाईलच नाही. ४०३ म्हणजे फाईल आहे, पण तुम्हाला परवानगी नाही. ५०० किंवा ५०३ म्हणजे गडबड त्यांच्या सर्व्हरवर आहे, तुम्ही कितीही वेळा बटण दाबा, उपयोग नाही. थोडा वेळ जाऊ द्या आणि मग प्रयत्न करा.

२. मध्येच अडकतं

इथे थोडं गणित करू. नेटचा वेग ‘एमबीपीएस’मध्ये सांगतात, त्यातला ‘बी’ म्हणजे बिट. फाईलचा आकार ‘एमबी’त असतो, त्यातला ‘बी’ म्हणजे बाइट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १ एमबीपीएस वेगाने ८० एमबीची फाईल उतरायला ६४० सेकंद, म्हणजे जवळजवळ अकरा मिनिटं लागतात. रेंज कमी होऊन वेग पाव झाला की त्रेचाळीस मिनिटं! त्रेचाळीस मिनिटं एखादी मुलगी गच्चीवर मोबाईल धरून उभी राहील का? आणि मध्ये एक फोन आला, रेंज गेली, की बऱ्याचदा सगळं पहिल्यापासून.

अडकल्यावर आपण काय करतो? पुन्हा बटण दाबतो. तिथेच चूक होते. आता एकाच नेटवर दोन प्रती उतरायला लागतात आणि दोन्ही रेंगाळतात. त्यापेक्षा ब्राउझरच्या डाउनलोड यादीत जा. तिथे ‘पुन्हा सुरू करा’ असा पर्याय असेल तर तो वापरा. कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि जे ही बटणं एकत्र दाबली की ही यादी उघडते.

दुसरं कारण जागेचं. मोबाईलची मेमरी गुड मॉर्निंगच्या चित्रांनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेली असते, त्यात ८० एमबीला जागा कुठून मिळणार? झिप फाईल असेल तर ती सोडवताना आणखी तेवढीच किंवा जास्त जागा लागते, कारण मूळ झिप जागेवरच राहते. तिसरं कारण बॅटरी बचतीचं. स्क्रीन बंद झाली की काही मोबाईल मागे चाललेलं काम थांबवतात. मोठी फाईल उतरवताना बॅटरी सेव्हर बंद ठेवा.

ड्राइव्हवरची फाईल असेल तर अजून एक शक्यता असते. एकाच फाईलवर खूप लोक एकदम तुटून पडले की गूगल ती फाईल काही काळ, कधी कधी २४ तासांपर्यंत, कुणालाच उतरवू देत नाही. शेवटच्या तारखेला रात्री नेमकं हेच होतं. म्हणून मुलांनो, फाईल दिलेल्या दिवशीच उतरवून ठेवा.

३. सापडत नाही

आमच्या बाईंची तक्रार हीच. लक्षात ठेवा, गॅलरी फक्त फोटो आणि व्हिडिओ दाखवते. पीडीएफ, वर्ड, एक्सेल तिथे दिसणार नाही. अँड्रॉइडवर ‘फाइल्स’ किंवा ‘माय फाइल्स’ किंवा ‘फाइल मॅनेजर’ नावाचं अ‍ॅप असतं, त्यात डाउनलोडचा फोल्डर बघा. आयफोनवरही ‘फाइल्स’ अ‍ॅपच उघडायचं.

मात्र दीक्षासारख्या अ‍ॅपची गोष्ट वेगळी. तिथे उतरवलेला पाठ त्या अ‍ॅपच्याच डाउनलोड विभागात राहतो. नेट नसताना तिथूनच तो बघायचा. तो फाइल मॅनेजरमध्ये शोधत बसू नका.

आणि फाईल सापडली की लगेच तिचं नाव बदला. ‘डॉक्युमेंट (७)’ असं नाव असलेली फाईल हरवल्यात जमा असते. ‘इयत्ता ९ मराठी पाठ ३ स्वाध्याय’ असं नाव दिलंत तर वर्षभर सापडेल. फक्त नावात स्लॅश, कोलन, प्रश्नचिन्ह वापरू नका. विंडोज ती चिन्हं स्वीकारत नाही.

४. उघडत नाही

आधी फाईलचा आकार बघा. तीस पानांची पीडीएफ आणि आकार फक्त ५-१० केबी? मग ती पीडीएफच नाही. होतं असं की आपण लॉगिन करून चहा प्यायला जातो, तेवढ्यात लॉगिनची मुदत संपते. परत येऊन डाउनलोड दाबतो, तेव्हा साइट फाईलऐवजी लॉगिनचं पान पाठवते आणि तेच पान पीडीएफच्या नावाने साठवलं जातं. मग ‘फाईल खराब आहे’ असा संदेश येतो. उपाय सोपा आहे. बाहेर पडा, पुन्हा लॉगिन करा, पुन्हा उतरवा.

नावाच्या शेवटी ‘सीआरडाउनलोड’ किंवा ‘पार्ट’ असं काही दिसलं तर फाईल अर्धवट आहे. नाव बदलून ती पूर्ण होणार नाही, पुन्हा उतरवावी लागेल. झिप असेल तर आधी सोडवा आणि मगच आतली फाईल उघडा. झिपच्या आतच फाईल उघडून त्यात उत्तरं लिहिली आणि नंतर ती गायब झाली, असं आमच्या वर्गात दोघांचं झालंय. आणि वर्डची फाईल उघडते पण टाइप होत नाही, असं असेल तर वर एक पिवळी पट्टी बघा. नेटवरून आलेली फाईल वर्ड सुरक्षिततेसाठी फक्त वाचायला उघडतो. फाईल ओळखीच्या ठिकाणाहून आली असेल तर त्या पट्टीवरचं संपादनाचं बटण दाबा.

५. वाचता येत नाही

ही तक्रार खास आपल्या मराठीची. फाईल उघडते आणि आत सगळी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी! मुलांना वाटतं फाईल बिघडली. प्रत्यक्षात ती श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. या फॉन्टमध्ये आतली अक्षरं इंग्रजीचीच असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा वेष चढवतो. तो फॉन्ट मुलाच्या मोबाईलमध्ये नसला की वेष उतरतो आणि खिचडी उरते. युनिकोडमध्ये टाइप केलेलं मराठी मात्र कोणत्याही मोबाईलवर मराठीच दिसतं. जुन्या फॉन्टमधली प्रश्नपत्रिका द्यायचीच असेल तर तिची पीडीएफ करून द्या. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधला जातो.

‘क्लियर’ हा रामबाण उपाय नव्हे

आता ग्रुपवर सर्रास फिरणाऱ्या सल्ल्याबद्दल. ‘कॅशे क्लियर करा’ यात वावगं काही नाही. पण अँड्रॉइडमध्ये त्याच्या शेजारीच ‘डेटा क्लियर करा’ असा दुसरा पर्याय असतो, आणि दोन्ही एकच असं समजून लोक कोणताही दाबतात. कॅशे म्हणजे अ‍ॅपने पुढच्या वेळी पटकन दिसावं म्हणून ठेवलेल्या तात्पुरत्या प्रती, त्या गेल्या तरी बिघडत नाही. डेटा म्हणजे तुमचं लॉगिन, अ‍ॅपमध्ये उतरवलेले पाठ, आणि नेट नसताना पूर्ण केलेली, पण अजून सर्व्हरपर्यंत न पोहोचलेली प्रगती. तो पुसला की गेला. ऐकीव सल्ल्यावर कुणाचे पंधरा-वीस तासांचे कष्ट पुसले जाऊ नयेत, म्हणून हा सल्ला पुढे पाठवताना कृपया फरक स्पष्ट लिहा.

त्यापेक्षा एक निरुपद्रवी प्रयोग करा. तीच साइट ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडा, लॉगिन करा आणि फाईल उतरवून बघा. तिथे उतरली तर दोष तुमच्या ब्राउझरमधल्या जुन्या साठ्यात किंवा एखाद्या जोडणीत आहे. तिथेही नाही उतरली तर दुसऱ्या मोबाईलवर बघा, मग दुसऱ्या नेटवर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. विज्ञानाच्या तासाला आपण हेच शिकवतो ना? मग हाही एक प्रयोगच समजा.

खरी जबाबदारी फाईल टाकणाऱ्याची

इथपर्यंत मी घेणाऱ्याबद्दल बोललो. आता आपल्याबद्दल बोलतो, आणि हे थोडं कडू लागेल.

आपण मोबाईलवर चाळीस पानांचे फोटो काढतो. एकेक फोटो २ एमबीचा. त्यांची ८० एमबीची पीडीएफ करतो आणि ‘नोट्स टाकल्या आहेत’ असं ग्रुपवर लिहून मोकळे होतो. चाळीस मुलांच्या वर्गाने ती उतरवली तर मिळून ३.२ जीबी डेटा गेला. तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला असता तर एक एमबीसुद्धा लागला नसता. टाइप करायला वेळ नसेल तर स्कॅनिंगच्या अ‍ॅपमध्ये आकार कमी करायची सोय असते. ८० चे ४ एमबी झाले तरी अकरा मिनिटांचं काम अर्ध्या मिनिटावर येतं. आपला अर्धा तास वाचतो म्हणून चाळीस घरांचा वेळ आणि रिचार्ज खर्च होतो, हा व्यवहार मला पटत नाही.

जगभरातल्या शाळा-कॉलेजांत वापरलं जाणारं मूडल ज्यांनी तयार केलं, ते मार्टिन डुगियामास स्वतः लहानपणी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात राहत होते. त्यांची शाळा रेडिओवरून भरायची आणि अभ्यासाचं साहित्य विमानाने यायचं. दूर राहणाऱ्या मुलापर्यंत पाठ पोहोचवायची धडपड ही अशी जुनी आहे. त्याच मूडलमध्ये फाईल टाकताना शिक्षकाला विचारलं जातं की ती पानातच दाखवायची, पॉप-अपमध्ये उघडायची की थेट उतरवायला द्यायची. आपण तो पर्याय न वाचता पुढे जातो. आणि मग पॉप-अप अडला की मुलाला म्हणतो, ‘तुलाच कसं जमत नाही?’

म्हणून फाईल टाकण्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाने पाच गोष्टी कराव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे:

- आकार बघावा. १० एमबीच्या वर असेल तर कमी करावा किंवा पाठानुसार तुकडे करावेत.
- फाईलचं नाव आणि आकार सोबत लिहावा, म्हणजे मुलाला कळेल की नेटपॅक पुरेल का.
- मराठी मजकूर युनिकोडमध्ये किंवा पीडीएफमध्ये द्यावा.
- स्वतःच्या खात्यातून बाहेर पडून, साध्या मोबाईलवर, वायफाय बंद करून एकदा ती फाईल उघडून बघावी.
- ज्याला मिळालीच नाही त्याच्यासाठी एक छापील प्रत शाळेत ठेवावी.

‘मुलं बहाणे करतात’ हा आक्षेप

काही सहकारी म्हणतील, ‘सर, तुम्हाला माहीत नाही, मुलं बहाणे करतात. स्वाध्याय नाही केला की फाईलचं नाव पुढे करतात.’ करतात, मी नाकारत नाही. पण खरा अडलेला आणि बहाणा करणारा यांना वेगळं कसं ओळखणार? ‘नेमकं काय दिसलं? स्क्रीनशॉट आहे का? किती वाजता प्रयत्न केलास?’ असं विचारूनच ना! बहाणा करणारा पहिल्या प्रश्नालाच अडखळतो. न विचारता सगळ्यांनाच खोटं ठरवलं तर शिक्षा मिळते ती खऱ्या अडलेल्या मुलाला, आणि ते मूल पुढच्या वेळी तक्रारच करत नाही. गप्प बसतं. गप्प बसलेलं मूल कोर्समधून कधी गळालं, ते आपल्याला कळतही नाही.

दुसरा आक्षेप असा, ‘आम्ही शिक्षक, ही तांत्रिक कामं आमच्या गळ्यात कशाला?’ यात तथ्य आहे. साइट बंद पडली तर ती चालू करणं आपलं काम नाही. ज्यांची साइट आहे त्यांनी मदतकेंद्र नीट चालवावं, साध्या मराठीत सूचना द्याव्यात, आणि शेवटच्या दिवशी साइट कोलमडली तर मुदत न मागता वाढवावी. पण त्यांच्यापर्यंत नीट तक्रार पोहोचवणं हे आपलंच काम, आणि ते तर मराठीच्या शिक्षकाला उत्तम जमायला हवं!

तक्रार कशी लिहावी?

दहावीच्या उपयोजित लेखनात पत्रलेखन असतंच. ‘कृपया लवकर मदत करा, खूप अर्जंट आहे’ एवढंच लिहून भागत नाही. खालील नमुना बघा:

‘महोदय, मी आपल्या मराठी व्याकरण कोर्सचा विद्यार्थी आहे. घटक ४ मधील स्वाध्यायाची पीडीएफ फाईल उतरत नाही. दिनांक १२ रोजी रात्री ८ वाजता आणि दिनांक १३ रोजी सकाळी ७ वाजता प्रयत्न केला. दोन्ही वेळा ४०३ असा संदेश आला. मी अँड्रॉइड मोबाईलवर क्रोम ब्राउझर वापरतो. इनकॉग्निटो खिडकीत आणि दुसऱ्या मोबाईलवरही प्रयत्न केला, तोच संदेश आला. त्याच कोर्समधील घटक ३ ची फाईल व्यवस्थित उतरते. स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. स्वाध्यायाची अंतिम मुदत दिनांक १५ आहे. कृपया फाईल उपलब्ध करून द्यावी किंवा मुदत वाढवून द्यावी, ही विनंती.’

बघा, यात काय, कुठे, कधी, कशावर, काय करून पाहिलं आणि काय हवं, हे सगळं आलं. समोरच्याला उलट प्रश्न विचारायची गरजच उरत नाही. शिवाय मुदतीच्या आधी प्रयत्न केल्याचा लेखी पुरावाही तयार झाला.

पण अशा पत्रात, फोनवर किंवा ग्रुपवर पासवर्ड आणि ओटीपी कधीही देऊ नका. सेवा केंद्रात जावं लागलंच तर पासवर्ड स्वतःच्या बोटांनी टाइप करा, काम झाल्यावर लॉगआउट करा आणि तिथल्या कॉम्प्युटरवर उतरलेली आपली फाईल पुसून मगच उठा. तिथल्या मुलाच्या मनात वाईट असेलच असं नाही, पण आपल्या घराची किल्ली आपण दुकानात ठेवून येतो का?

शेवटी

आमच्या त्या बाईंना मी त्या दिवशी चौदाही प्रती दाखवल्या. आधी त्या ओशाळल्या, मग हसल्या. तेरा प्रती त्यांनी स्वतः पुसल्या आणि एक नीट नाव देऊन ठेवली. पासवर्डही तिथेच बदलून घेतला. यंदाचं प्रशिक्षण त्यांनी मुलाकडून करून घेतलेलं नाही. परवा मधल्या सुट्टीत नववीतला एक मुलगा त्यांच्याकडे आला, ‘बाई, फाईल डाउनलोड होत नाही.’ बाईंनी चष्मा लावला आणि विचारलं, ‘होत नाही, की सापडत नाही? नीट सांग.’

मित्रांनो, मला एवढंच म्हणायचं आहे. पुढच्या वेळी कुणी ही तक्रार घेऊन आलं, तर उत्तर देण्याआधी हा एक प्रश्न विचारा. आणि फाईल तुम्ही टाकली असेल, तर तोच प्रश्न आधी स्वतःला विचारा.